मेणाची कांडी आणि अकरा चिकटपट्ट्या

पंखावरून हात फिरवला आणि तळवा पांढरा झाला. धूळ असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं, वाळू दिलं, पुन्हा हात फिरवला. पुन्हा तीच खडूसारखी भुकटी. नुकताच फळा पुसून आलेल्या मास्तरणीसारखी मी हँगरमध्ये उभी, आणि समोर आमचं १५ मीटर पंखविस्ताराचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, जे काल संध्याकाळपर्यंत मला अगदी ठीकठाक दिसत होतं.

आमचं म्हणजे माझं आणि माझ्या भागीदाराचं. दोघांनी मिळून घेतलं तेव्हाच ते बरंच वापरलेलं होतं. उडायला गोड, जोडायला-सोडायला सोपं, आणि रंगानं पांढरं. निदान तेव्हा आमची तशी समजूत होती.

क्लबात ज्यांना लहानथोर सगळेच दादा म्हणतात त्यांना बोलावून आणलं. काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, कामात त्यांचा जन्म गेलाय. त्यांनी हात वगैरे फिरवला नाही. पंखाच्या टोकाशी वाकून एक डोळा मिटला आणि सुतार फळीचा बाक बघतो तसं पंखाच्या लांबीवर आडवं पाहिलं.

"शेवटचं मेण कधी लावलंस?"

"मागच्या वर्षी, दादा."

"कुठलं?"

गाडीला लावतात ते, बाटलीतलं, फडक्यानं पुसलं की लगेच चकाकणारं. मी खरं ते सांगितलं. दादा गप्प बसले. दादा रागावले तर काही वाटत नाही, पण गप्प बसले की पोटात गोळा येतो.

दादा का गप्प बसले ते कळायला जेलकोट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. १९५७ साली जर्मनीत 'फिनिक्स' हे काचतंतूचं पहिलं ग्लायडर उडालं. त्याआधी ग्लायडर म्हणजे बहुतेक लाकूड आणि कापड. काचतंतूचं ग्लायडर साच्यात उलट्या क्रमानं बनतं. आधी साच्याच्या आतल्या गुळगुळीत अंगावर पांढऱ्या पॉलिएस्टर रेझिनचा फवारा मारतात, तो जरा घट्ट झाला की त्यावर एपॉक्सीत भिजवलेलं काचतंतूचं कापड बसवतात. साच्यातून पंख बाहेर निघतो तेव्हा सगळ्यात आधी फवारलेला थर सगळ्यात बाहेर आलेला असतो. तो जेलकोट. म्हणजे हा नंतर मारलेला रंग नव्हे, पंखाची कातडीच. जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि काठांवर, कोपऱ्यांवर त्याहून बरीच कमी.

या कातडीचे शत्रू ठरलेले आहेत. उन्हातली अतिनील किरणं पॉलिएस्टरची साखळी तोडतात. वरचं रेझिन मरतं, त्यातली पांढरी पूड मोकळी होते आणि तळव्याला लागते. माझ्या हाताला लागलं होतं ते हेच. दुसरा शत्रू ओल. जेलकोट वरून कितीही चकचकीत दिसला तरी थोडं थोडं पाणी पितो, आणि दमट ट्रेलरमध्ये महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं तर जास्तच. तिसरी थंडी. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. उंच जाऊन झपकन खाली उतरलं की जेलकोट आणि त्याखालचं काचतंतूचं अंग वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात-पसरतात, आणि दोघांत ठिसूळ असतो तो जेलकोट. त्याला आधी केसासारख्या चिरा पडतात, मग त्या चिरांत ओल शिरते. मेण लावायचं ते मुख्यतः ही ओल बाहेर ठेवायला. मेणानं ऊन अडतं असं समजू नये. उन्हाला एकच उपाय, नीट बसणारी खोळ आणि सावली.

मग माझ्या बाटलीचं काय चुकलं? तिच्यात सिलिकोन होतं. सिलिकोन चकाकी लगेच देतं आणि जागा मात्र सोडत नाही. पुढे कधी टवका भरायचा झाला, नवा जेलकोट मारायचा झाला, की तो सिलिकोनच्या कणापासून दूर पळतो आणि मधे माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. ग्लायडरच्या देखभालीच्या पुस्तकांत सिलिकोनविरहित पॉलिश वापरा असं लिहिलेलं असतं. आमच्याही पुस्तकात होतं. वाचलंही होतं मी, पण बाटलीवरचं वाचलं नव्हतं.

कामाला सुरुवात धुण्यानं. भरपूर पाणी, सौम्य साबण, मऊ स्पंज, आणि पाणी फटींतून आत जाऊ नये एवढी काळजी. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. त्याहून त्रासाचे निघाले ते पंख आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) यांच्या फटीवर लावलेल्या जुन्या टेपचे चिकट अवशेष. टेप उन्हात राहिली की तिचा गोंद भाजून निघतो आणि मग नखानंही निघत नाही. मी तासन्‌तास थोडं थोडं सॉल्व्हंट फडक्यावर घेऊन पुसत बसले. फडक्यावर घ्यायचं, पंखावर ओतायचं नाही. आणि कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, आसपास तर ॲसिटोनची बाटली उघडायचीसुद्धा नाही. कॅनॉपी ॲक्रिलिकची असते, एक थेंब उडाला तरी तिथे कायमचा डाग आणि बारीक तडे. मी तिच्यावर जाड सुती चादर टाकली आणि काम संपेपर्यंत काढली नाही.

मग तपासणी, आणि तीही रात्री. हँगरमधले दिवे बंद करून टॉर्च पंखाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. समोरून प्रकाश टाकला की काही दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र पंखाची सगळी कुंडली उघडी पडते. ओरखडे, जुन्या दुरुस्तीच्या कडा, कोणीतरी कधीतरी पान्हा ठेवला होता तो अर्धचंद्र. एअरब्रेकच्या, म्हणजे उतरताना पंखातून वर निघणाऱ्या पट्टीच्या, खाचेच्या कोपऱ्यातून निघालेल्या तीन चिरा सापडल्या. दहापट भिंगातून पाहिलं, शिसपेन्सिलीनं दोन्ही टोकांशी खूण केली, लांबी मोजून वहीत लिहिली. पुढच्या वर्षी वाढल्या तर कळेल. अधिकृत तपासनिसांनीही येऊन पाहिल्या, चिरा फक्त जेलकोटमध्ये आहेत, खालच्या थरात उतरलेल्या नाहीत असं सांगितलं, तेव्हा त्या रात्री झोप लागली. सगळा जेलकोट काढून नवा मारायचा म्हणजे शेकडो तासांचं काम असतं, आणि आमच्या दोघांच्या नोकऱ्या शाबूत राहायला हव्या होत्या. भागीदाराची तर जरा जास्तच शाबूत होती. तो नेमका त्याच आठवड्यांत कामानिमित्त परगावी होता.

आधी टवके भरून घेतले. चार होते, सगळे करंगळीच्या नखाएवढे. जेलकोटमध्ये हार्डनर साधारण दोन टक्के, म्हणजे २० ग्रॅमला ०.४ ग्रॅम. सोनाराच्या काट्यासारखा लहान काटा लागतो. अंदाजपंचे टाकलं तर एक तर दगड होतो नाही तर आठवडाभर चिकटच राहतो. शिवाय हवेतल्या प्राणवायूमुळे या जेलकोटचा वरचा पापुद्रा सुकतच नाही, म्हणून भरल्यावर वर पारदर्शक फिल्म चिकटवून हवा तोडायची. पहिल्या टवक्यावर फिल्म लावायला विसरले, दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर गूळ. चौथ्या टवक्यावर माशाचा डोळा उमटला, गोल, गुळगुळीत, मधोमध. मी दादांना दाखवला. "बाटली," एवढंच म्हणाले. तो खरवडला, आसपासचा भाग मेण आणि सिलिकोन काढणाऱ्या द्रावानं तीनदा पुसला, दर खेपेला नवं फडकं घेऊन, कारण जुन्याच फडक्यानं पुसलं तर तोच चिकटा इकडून तिकडे फिरतो. मग कुठे भरला गेला.

आणि तेव्हा कळलं की आमचं ग्लायडर पांढरं नव्हतंच. नवा जेलकोट पांढरा होता. त्याच्या शेजारी आमचा अख्खा पंख सायीच्या रंगाचा. इतकी वर्षं आम्ही सायीला पांढरं म्हणत उडत होतो.

त्यानंतर घासणं. वॉटर पेपर, पाणी आणि थेंबभर साबण. ८०० नंबरनं मेलेला थर काढायचा, मग १०००, १५००, २०००. पेपर नुसत्या बोटांखाली कधीच धरायचा नाही, बोटांच्या रेषांसारखे चर पडतात. ठोकळ्यावर गुंडाळायचा, आणि हात पंखाच्या कडेला तिरपा चालवायचा, आधी एका तिरक्या दिशेनं, मग दुसऱ्या. प्रत्येक नंबर बदलताना मी पंखावर पेन्सिलीनं मोठ्या फुल्या मारायचे. फुल्या सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तरच पुढचा नंबर. कुठे फुलीचा तुकडा राहिला तर तिथे खळगा आहे असं समजायचं.

इथे दादांनी एक गोष्ट सांगितली जी मला आधी पटली नाही. म्हणाले, "हवेला चकाकी दिसत नाही." ८०० नंबरनं घासलेला मॅट पंखही आमच्या वेगांना हवेच्या दृष्टीनं पुरेसा गुळगुळीत असतो. हवेला खटकतात त्या लाटा. पंखाच्या पुढच्या भागावरून हवा थरावर थर घसरत जाते, तिला बारीकसा चढउतार लागला की ती तिथेच गडबडते आणि मागचा सगळा प्रवाह ढवळून निघतो. दादांकडे तीन पायांचं डायल गेज आहे, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं. ते पंखावरून सावकाश ओढायचं आणि काटा किती नाचतो ते पाहायचं. पंखाच्या मधल्या कण्यापाशी काटा चांगलाच उडाला. तिथे आतला कणा वर्षानुवर्षांत किंचित आकसून वर लांबोळी दरी पडलेली. ती दरी घासून काढायची म्हणजे दोन्ही बाजूंचा जेलकोट खायचा, आणि तेवढा जेलकोट होताच कुठे? सोडून दिली. अजूनही ती आहे, आणि मला ठाऊक आहे कुठे आहे.

मग चकाकी कशाला? कारण २००० नंबरनं घासून, मेणानं बंद केलेल्या पृष्ठभागावर किडे, धूळ, पाणी चिकटून बसत नाही. आणि हो, सुंदर दिसतं. ते कबूल करायला लाज कसली.

ग्लायडरवाल्यांचं मेण बाटलीत नसतं, विटेसारखी कडक कांडी असते. बफिंग मशीनला शिवलेल्या सुती चकत्यांचं चाक लावायचं, चाक फिरत असताना त्यावर कांडी क्षणभर टेकवायची. अगदी क्षणभर. जास्त मेण गेलं की पंखावर गोळे उठतात आणि ते काढण्यात दुप्पट वेळ जातो. मग हातभर लांब, हातभर रुंद एवढाच तुकडा घ्यायचा आणि मशीन एका लयीत पुढेमागे न्यायचं. मशीनला स्वतःचं वजन पुरतं, वरून दाब द्यायचा नाही. घर्षणानं पृष्ठभाग कोमट होतो, मेण त्यात पसरतं, आणि एका विशिष्ट क्षणी धूसर दुधाळ थर सरकन बाजूला होऊन खाली हँगरच्या छताच्या कैच्या दिसायला लागतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी मशीन बंद करून नुसती बघत राहिले.

कोमट म्हणजे किती? दर थोड्या वेळानं बोटांची उलटी बाजू लावून बघायची. बोट सहज टेकवता आलं पाहिजे. बऱ्याच ग्लायडरांच्या पुस्तकांत रचनेचं तापमान ५४ अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ देऊ नका असं लिहिलेलं असतं, कारण त्यापुढे एपॉक्सी नरम पडू लागते. ग्लायडर पांढरी असतात तीही त्याचसाठी. बफिंग मशीन एका जागी चार-पाच सेकंद थांबलं तरी बोट टेकवत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. तिसऱ्या दिवशीची दुपार. डावा पंख होत आला होता, हात बसला होता, आणि हात बसला की डोकं दुसरीकडे जातं. एलेरॉनच्या मागच्या कडेशी आले. नियम असा की चाक कडेवरून बाहेर पडेल अशा दिशेनं फिरायला हवं, कडेवर चढेल अशा नव्हे. चढतं चाक कडेला पकडतं. मी मशीन तेवढ्यासाठी वळवलं नाही, चाललंय तर चालू दे म्हटलं. चाकानं कड धरली, मशीन हातात उसळलं, मी घट्ट धरून ठेवलं, आणि धरून ठेवलं तेच चुकलं. बाजूला घेतलं तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या जागेत पांढरा गेलेला, आतून मधाच्या रंगाचं काहीतरी चमकत होतं आणि त्यात कापडाची वीण स्पष्ट दिसत होती.

मशीन खाली ठेवून मी जमिनीवरच बसले. हँगरमध्ये सुती चाकातून उडालेले तंतू सावरीच्या कापसासारखे तरंगत होते, माझ्या केसांत, पापण्यांत, मास्कवर. दादा आले, वाकून पाहिलं, आणि या वेळी मात्र बोलले. "कापड शाबूत आहे. रडायचं असेल तर पाच मिनिटं रड, मग एलेरॉन काढायला घे."

एलेरॉन काढायचं कारण वजन. बिजागरीच्या मागे वजन वाढलं की ठराविक वेगाला एलेरॉन स्वतःहून फडफडू लागण्याचा धोका असतो. त्याला फ्लटर म्हणतात, आणि तो पंख मोडूही शकतो. म्हणून प्रत्येक हलत्या भागाचं वजन आणि बिजागरीभोवतीचा तोल किती असावा याच्या मर्यादा देखभालीच्या पुस्तकात दिलेल्या असतात. तिथे थेंबभर जेलकोट लावला तरी मोजल्याशिवाय परत जोडायचं नाही. आम्ही एलेरॉन त्याच्याच बिजागरीच्या रेषेवर मोकळं टांगलं, मागची कड काट्यावर टेकवली, आकडा लिहिला. मग त्या पेरभर जागेत ब्रशनं पातळ थर, फिल्म, दोन दिवस थांबणं, ठोकळ्यावर १००० नंबर, आणि पुन्हा टांगणं. फरक काट्यावर जेमतेम दिसला. तपासनिसांनी दोन्ही आकडे मर्यादेत आहेत हे बघून कागदावर सही केली. त्या कागदाकडे मी दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त वेळ पाहिलं असेल.

यानंतर मात्र मी सगळ्या कडांना आधी मास्किंग टेप लावून घेतली. मशीननं टेपपर्यंत काम करायचं, टेप काढून उरलेली दोन बोटं रुंदीची पट्टी हातानं, फडक्यानं. वेळ लागतो. लागू दे.

उजवा पंख, शेपटी आणि धड यांत काही घडलं नाही. म्हणजे पाठ दुखली, मशीनच्या आवाजानं कानात गोळे घालूनही डोकं गच्च झालं, पण सांगण्यासारखं काही नाही.

राहिल्या चिकटपट्ट्या. पहिल्याच दिवशी दादांनी लाल रंगाची टेप हातात दिली होती. ग्लायडरच्या अंगावर हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतल्या एकात मेण शिरलं की वेग आणि उंची दाखवणारे काटे वर गेल्यावर खोटं बोलतात. म्हणून पॉलिशच्या आधी प्रत्येक छिद्रावर लाल टेप, आणि किती लावल्या तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून कॉकपिटमध्ये, वेगदर्शकाच्या काचेवरच चिकटवायचा. मी लिहिलं होतं, '११'.

शेवटच्या संध्याकाळी काढायला घेतल्या. नाकावरची, धडाच्या दोन्ही बाजूंच्या, शेपटीच्या नळीवरची, पंखांतल्या, वजनासाठी पाणी भरायच्या टाक्यांच्या हवेच्या वाटांवरच्या. मोजल्या, दहा. पुन्हा मोजल्या, दहा. कचऱ्याची पिशवी उलटी केली, जमीन झाडली, माझ्या बुटांचे तळवे पाहिले. मग टॉर्च आडवी धरून ग्लायडरभोवती रांगत एक फेरी. अकरावी धडाच्या डाव्या बाजूला, मागच्या दाबछिद्रावरच होती. तिच्यावर इतकं मेण बसलं होतं की लाल रंग पार सायीसारखा झालेला, आणि ती इतकी छान चकाकत होती की मी तिलाही पॉलिश केलं होतं हे उघड होतं. काढली, छिद्रात भिंगातून डोकावून पाहिलं, स्वच्छ. तिला मी वहीत चिकटवून ठेवलंय, चिरांच्या लांबीच्या पानावर.

दुसऱ्या दिवशी भागीदार परतला. सकाळी लवकर ग्लायडर बाहेर काढलं तेव्हा पंखावर दव होतं, आणि ते पसरट न राहता गोल गोल मण्यांसारखं उभं होतं. हलकंसं ढकललं की मणी ओघळून मागच्या कडेवरून खाली. त्यानं कौतुकानं हात फिरवला, तळवा पाहिला, मग पंखाच्या कडेनं चालत चालत टोकापर्यंत गेला आणि थांबला.

"अगं, इथे एलेरॉनवर एक पांढरा ठिपका राहिलाय."

"हो," मी म्हटलं, "ती शेपटी धर, वळवायचंय."